माणसं ऐकत का नाहीत?

मागच्या अंकात नवी मशिनं, नवं सॉफ्टवेअर, नव्या पद्धती यांवरून कामाच्या ठिकाणी होणाऱ्या कुरबुरींबद्दल पत्रं मागवली होती. मालकांची आली, कामगारांची आली, मधल्या मध्ये सापडलेल्या सुपरवायझरांची सगळ्यात जास्त आली. मी नाशिकच्या सातपूर भागातल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला लागले आणि तिथूनच पर्सोनेल मॅनेजर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे दोन्ही बाजूंचा चहा प्यायलेला आहे. एखाद्या उत्तरात कुणा एकाची बाजू घेतलेली दिसली, तर ती मुद्दाम घेतली आहे असं समजा.

प्रश्न : ताई, अंबडला आमचं सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनांचं, युनिट आहे, वडिलांनी सुरू केलेलं. गाड्यांचे सुटे भाग करतो, साठेक माणसं आहेत. दिवाळीनंतर मी प्रत्येक मशिनपाशी एक टॅब बसवला. किती जॉब (नग) झाले, किती रिजेक्ट गेले, मशिन का थांबलं, हे ऑपरेटरने तिथल्या तिथे भरायचं. शाळकरी पोरालाही जमेल इतकं सोपं आहे. पण माणसं शिफ्ट सुटताना सगळे आकडे एकदम भरतात, तेही अंदाजे. आमचे सगळ्यात जुने सेटर (मशिनवर नवा जॉब बसवून देणारे) तर अजून खिशातल्या डायरीतच लिहितात. वडील म्हणतात, ‘त्यांच्या वाटेला जाऊ नकोस.’ दोघांना घरी पाठवलं तर बाकीचे सुधारतील का?
(एक तरुण उद्योजक, अंबड)

उत्तर : घरी पाठवायचा विषय जरा बाजूला ठेवा. तुमचं पत्र आल्यावर मी त्या टॅबच्या स्क्रीनचे फोटो मागवले होते, ते तुम्ही लगेच पाठवलेत हे बरं केलंत. त्यातला ‘मशिन का थांबलं’ हा भाग मी नीट वाचला. निवडायला सहा कारणं आहेत : टूल बदल, सेटिंग, ब्रेकडाउन, चहा-जेवण, ऑपरेटर जागेवर नाही, इतर.

आता तुमच्याच शॉपवरची एक सकाळ धरा. नवा जॉब लावला. सेटरने पहिला पीस काढला. तो पास झाल्याशिवाय उत्पादन सुरू करायचं नाही, हा नियम तुमचाच, आणि योग्यच. ऑपरेटर तो पीस कॉटन वेस्टने पुसतो आणि क्वालिटीच्या खोलीत घेऊन जातो. तिथे इन्स्पेक्टर एकच, त्याच्यापुढे आणखी दोन-तीन मशिनांचे पीस मांडलेले. वीस-पंचवीस मिनिटं अशी जातात. मशिन थांबलेलं. ही वेळ त्याने टॅबवर कुठे टाकायची? माणूस प्रामाणिक असेल तर त्याला ‘ऑपरेटर जागेवर नाही’ हेच बटण दाबावं लागतं, कारण तो खरंच जागेवर नव्हता. स्टोअरमध्ये इन्सर्ट (टूलची बदलायची पाती) संपले, कास्टिंगचा (ओतीव भागांचा) लॉट आलाच नाही, लाइट गेली, हे सगळं ‘इतर’. आणि ‘इतर’ फार झालं की संध्याकाळी तुम्हीच विचारणार, हे इतर-इतर काय चाललंय?

म्हणजे स्टोअर, खरेदी, क्वालिटी यांच्याकडे बोट दाखवणारं एकही बटण तुमच्या यादीत नाही. ही यादी ऑफिसात बसून केली आहे, हे कळायला ज्योतिषी लागत नाही. तुमच्या माणसांना ते पहिल्याच दिवशी कळलं. तेव्हापासून ती टॅबशी तशीच वागताहेत, जशी आपण लाच मागणाऱ्या कारकुनाशी वागतो : तोंडावर हसून, कमीत कमी बोलून.

दुसरी गोष्ट हातांची. जॉब काढायचा, बर (कडेला राहिलेली धातूची कुसळं) काढायची, मापाचा गेज लावायचा, दुसरा जॉब चढवायचा, आणि सायकल दोन-अडीच मिनिटांची. हात कूलंटने, म्हणजे मशिन गार ठेवणाऱ्या पाण्याने, ओले. ओल्या बोटाला टच स्क्रीन नीट दाद देत नाही, दोनदा दाबलं तर आकडा दोनदा पडतो. प्रत्येक वेळी हात पुसून भरायचं म्हटलं तर त्या माणसाने एक तर उत्पादन द्यावं नाहीतर माहिती. तुम्ही ओरडता उत्पादनासाठी, मग माहिती शिफ्टअखेर जाते. यात शाळकरी पोराचा काय संबंध? शाळकरी पोराचे हात कोरडे असतात.

बहुतेक सीएनसी कंट्रोलरमधून जॉबची मोजणी थेट घेता येते. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारा. तो ‘त्याचे वेगळे पैसे’ म्हणेल. द्या. जे मशिन स्वतः मोजू शकतं ते माणसाकडून भरून घेण्यात काही शहाणपण नाही. माणसाने फक्त थांबण्याचं कारण सांगावं, आणि त्याला मोठी चार-पाच बटणं पुरतात, अंगठ्याने दाबता येतील अशी.

राहिले तुमचे जुने सेटर. त्यांच्या डायरीत काय असतं ते कधी पाहिलंत? मी अशा डायऱ्या पाहिल्या आहेत. कुठल्या फाउंड्रीचं कास्टिंग कडक निघतं, त्याला फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) किती कमी करायचा, सकाळी गार मशिनवर लावलेला ऑफसेट (टूलच्या जागेचा आकडा) दुपारी मशिन तापल्यावर किती मायक्रॉन हलवावा लागतो. ड्रॉइंगवर नसलेलं सगळं त्यात असतं. ती डायरी म्हणजे त्या माणसाची कारखान्यातली पत आहे. रात्री दोनला जॉब बिघडला की फोन त्यांना जातो, तो त्या डायरीमुळे. तुमच्या वडिलांना हे माहीत आहे, म्हणून ते ‘वाटेला जाऊ नकोस’ म्हणतात. त्यांना ते नीट शब्दांत सांगता येत नसेल, तो बापलेकांचा जुनाच प्रश्न आहे.

डायरी मागू नका. तुम्ही कागद-पेन घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, ‘काका, मशिन कशाकशाने थांबतं ते तुम्ही सांगा, मी लिहितो.’ लिहिणारे तुम्ही असा, हे महत्त्वाचं. त्यातून जी यादी निघेल ती टॅबवर टाका. मग बोर्डावर तुमच्या सहीने लावा की अमुक तारखेपर्यंत टॅबचे आकडे कुणाच्याही इन्सेंटिव्हला किंवा पगारवाढीला लावले जाणार नाहीत. आणि पाळा. पहिल्या महिन्यात बहुधा क्वालिटीचीच वेळ सगळ्यात मोठी निघेल. तिथे दुसरा इन्स्पेक्टर बसवा, किंवा मशिनपाशीच गेजिंगची सोय करा. आपण भरलेल्या आकड्याने आपलंच काम सोपं झालं, हे एकदा दिसलं की निम्मी कुरकुर आपोआप खाली येते.

उरलेली निम्मी मात्र राहील. तिथे मी तुमच्या बाजूने आहे. यादी सुधारली, मुदत दिली, बटणं मोठी केली, तरीही कुणी भरत नसेल तर त्याला लेखी विचारा, आणि वडिलांच्या मर्जीतला असला तरी विचारा. आज मात्र दोघांना काढलंत तर बाकीचे एवढंच शिकतील की खोटे आकडे वेळेवर भरायचे. आत्ता ते निदान उशिरा भरतात, त्यामुळे तुम्हाला संशय तरी येतो.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये सुपरवायझर आहे. यंदा नवीन खरेदीदारामुळे पाउचऐवजी पनेट (प्लास्टिकची छोटी डबी) पॅकिंग सुरू केलं. बायकांना पेटीमागे मजुरी असते. काम थोडं किचकट म्हणून मालकांनी दरही वाढवला. तरी पहिल्याच आठवड्यात पेट्या निम्म्यावर आल्या आणि चांगल्या हाताच्या सात-आठ जणी शेजारच्या पॅकहाउसला निघून गेल्या. मुकादम म्हणतो, ‘बायकांना नवीन काही नकोच असतं.’ सीझन तर दोन-तीन महिन्यांचाच. काय करावं?
(एक वाचक, निफाड तालुका)

उत्तर : तुमच्या मुकादमाचं म्हणणं ऐकून मला पायजम्यांची गोष्ट आठवली. हसू नका, खरी आहे, आणि तुमच्या पॅकहाउसला तंतोतंत लागू पडते.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात मॅरियन नावाचं गाव आहे. तिथे हारवूड कंपनीचा पायजमे शिवायचा कारखाना होता. कामाला बहुतेक बायका, मजुरी नगावर. कंपनी कामाची पद्धत बदलायची तेव्हा दर वेळी तेच व्हायचं जे तुमच्याकडे झालं : उत्पादन घसरायचं, तक्रारी वाढायच्या, बायका काम सोडून जायच्या. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच या दोघांनी त्यावर तिथेच प्रयोग केला आणि तो १९४८ साली प्रसिद्ध केला. इस्त्री करणाऱ्या बायकांच्या एका गटात बदल केवढा होता पाहा. आधी सहा-सहा कपड्यांची चळत सपाट पुठ्ठ्यावर रचायची, आता ती खोक्यात रचायची. एवढंच!

या गटाला नेहमीच्या रीतीने सांगितलं : स्पर्धा वाढली आहे, पद्धत बदलावी लागते, नवा दर हा असा. प्रश्न विचारले गेले, उत्तरं दिली गेली, सभा संपली. उत्पादन पडलं ते वर आलंच नाही. पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के बायकांनी काम सोडलं.

दुसऱ्या काही गटांत वेगळं केलं. बायकांपुढे दोन एकसारखे कपडे ठेवले, त्यातल्या एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट. स्वस्तातला कुठला ते ओळखा म्हटलं. कुणाला ओळखता येईना. म्हणजे खर्च का कमी करायचा हे भाषणाशिवाय कळलं. मग कामातली कुठली हालचाल गाळता येईल, नवी पद्धत कशी बसवायची, दर ठरवण्यासाठी मोजमाप कसं घ्यायचं, या सगळ्यात त्या बायकांनाच बसवलं. या गटांचं उत्पादन लवकर सावरलं आणि बदलाच्या आधी होतं त्याच्याही सुमारे १४ टक्के वर गेलं.

तुमच्या मुकादमासाठी खरा मुद्दा पुढे आहे. पहिल्या, बिघडलेल्या गटातल्या ज्या बायका उरल्या होत्या त्यांना काही महिन्यांनी पुन्हा एकत्र आणून आणखी एक नवं काम दिलं, आणि या वेळी त्यांना ठरवण्यात घेतलं. त्याच बायका, आणि त्यांचंही उत्पादन चटकन वर आलं. स्वभावात खोट असती तर ती दोन-अडीच महिन्यांत कुठे गेली?

आता तुमच्या टेबलावर या. पाउच भरताना तुमच्या बाईचा हात बसलेला असतो. घड उचलला, कात्रीने खराब मणी काढले, पाउचमध्ये सोडला. पनेटला अर्धा किलो नेमका लागतो. कमी चालत नाही, फार जास्त झालं तर मालक ओरडतात. म्हणून ती घड तोडते, काट्यावर ठेवते, काढते, लहान तुकडा शोधते, पुन्हा ठेवते. वेळ खातो तो हा तुकडा शोधण्यात, आणि तुम्ही ‘काम थोडं किचकट’ एवढ्यावर ते सोडलंत. दर पेटीला वाढला खरा, पण दिवसाच्या पेट्या निम्म्या झाल्या तर घरी काय गेलं? हा हिशेब तुम्ही केला नसेल, त्यांनी पहिल्याच संध्याकाळी केला.

गेल्या कोण, ते बघा. चांगल्या हाताच्या. पाउचवर ज्या बाकीच्यांच्या दीडपट पेट्या करायच्या, त्या पनेटवर नवख्या पोरीच्या बरोबरीला आल्या. मजुरी गेली आणि टेबलावरचा मानही गेला. शेजारी अजून पाउच भरतात, मग त्या शेजारी का जाणार नाहीत? मी असते तर मीही गेले असते.

सीझन लहान आहे, म्हणून जे करायचं ते याच आठवड्यात. पहिले दहा-बारा दिवस प्रत्येकीला पाउचवर तिची रोजची जी सरासरी मजुरी पडत होती तेवढी खात्रीने द्या, पनेट कितीही होवोत. मालक कुरकुरतील. त्यांना विचारा, कोल्ड स्टोरेजच्या दारात थांबलेला माल आणि गेलेल्या सात जणी, यांचं काय पडलं? दुसरं, उरलेल्यांतल्या तीन चपळ बायकांना एका टेबलावर घ्या आणि त्यांना पद्धत बसवू द्या. माझा अंदाज, लहान तुकड्यांचा वेगळा ट्रे प्रत्येक काट्याशेजारी ठेवायचं त्या स्वतःच सुचवतील, कदाचित घड तोडणारी एक आणि वजन जुळवणारी एक अशी जोडीही लावतील. पेटीचा कायमचा दर त्यांचा वेग बसल्यावर, त्यांच्यासमोर मोजून ठरवा. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी भागातून आलेल्या बायका असतील तर सांगण्याचं काम मुकादमाकडे देऊ नका, त्यांच्यातल्याच एकीला पुढे करा. आणि मुकादमाला डोक्यामागे पैसे मिळतात की पेटीमागे, तेही बघून ठेवा. त्याचं गणित कुठे बिघडलं आहे ते त्यातून कळेल.

प्रश्न : गिरणाऱ्याहून सातपूरला कामाला येते. आमची पहिली पाळी ७ ला असते. शनिवारी बोर्डावर कागद लागला की सोमवारपासून ६ ला. पहाटे पाचला रिक्षा मिळत नाही, मुलाचा डबा राहतो. आम्ही बोललो तर ‘तुम्हाला बदल नको असतो’ म्हणतात. युनियन नाही. कंपनीला असं करता येतं का?
(एक महिला कामगार)

उत्तर : दोन दिवसांत करता येत नाही. कामाच्या वेळा हा नोकरीच्या अटींचा भाग आहे आणि त्यात बदल करायचा तर ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे कलम ९-क मध्ये होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कलम ४० मध्ये २१ दिवसच आहेत. युनियन नसली तरी हा हक्क जात नाही.

पण ताई, लगेच कलम फेकू नका. कलम खिशात ठेवा आणि आधी एक अर्ज लिहा, जमतील तितक्या जणींच्या सह्या घेऊन. ‘आम्हाला ६ ची पाळी नको’ असं लिहू नका. कोण कुठून येते, ६ ला पोहोचायला घरून किती वाजता निघावं लागेल, त्या वेळी वाहन आहे की नाही, हे गावाच्या नावासकट एका कागदावर मांडा. खाली मागणी लिहा : कंपनीची गाडी, नाहीतर साडेसहाची वेळ, आणि तोपर्यंत २१ दिवसांची मुदत. अर्जाची पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासह. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. कलमाचा उल्लेख शेवटच्या ओळीत, सौम्य शब्दांत. तरी हलले नाहीत तर तोच अर्ज घेऊन कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात जा. एकटीने जाऊ नका.

कंपनीच्या लोकांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना सांगते : तुम्ही पाळी अलीकडे आणली ती बहुतेक गिऱ्हाइकाच्या गाडीची वेळ गाठायला. मग तेच बोर्डावर लिहायला काय झालं होतं?

प्रश्न : नाशिकरोडच्या एका पतसंस्थेत मी ३० वर्षं नोकरी करते. वय ५४. रोजकीर्द, खतावणी माझ्या हाताखालून गेली, ताळा कधी चुकला नाही. आता नवीन सॉफ्टवेअर आलं. आमचे नवे व्यवस्थापक माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. परवा सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मॅडम, बदलाला विरोध करू नका.’ मी विरोध करत नाही हो. मला भीती वाटते. एन्ट्री चुकली तर पैसे माझ्या खिशातून जातील. सध्या शेजारची मुलगी माझ्या आयडीने माझ्या एन्ट्र्या करून देते.
(नाव छापू नये)

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मी ताडकन उठून बसले. ते आजपासून बंद. ती मुलगी गुणी असेल, पण तुमच्या आयडीने झालेली प्रत्येक एन्ट्री तुमची. उद्या फरक आला, लेखापरीक्षकाने विचारलं, तर स्क्रीनवर नाव तुमचं येणार. खिशातून पैसे जाण्याची जी भीती तुम्हाला वाटते तिचा रस्ता हाच आहे. पासवर्ड बदला, आणि कुणालाही सांगू नका. साहेबांनाही नाही.

भीती वाटणं यात लाज काही नाही. रोजकीर्दीत चूक झाली तर तुम्ही लाल शाईने दुरुस्त करून सही करत होतात आणि चूक कुठे झाली ते डोळ्यांना दिसत होतं. इथे एक बटण दाबलं की रक्कम कुठे गेली ते दिसत नाही. ज्याच्यावर पैशांची जबाबदारी आहे त्याला हे खटकलंच पाहिजे. बँकांमध्ये संगणक यायचे होते तेव्हा देशभरच्या कर्मचारी संघटनांनी वर्षानुवर्षं विरोध केला, मोर्चे निघाले. १९८३ साली बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला आणि यंत्रं कुठली, कुठे, किती हे टेबलावर बसून ठरलं. त्यानंतर त्याच कर्मचाऱ्यांनी ती यंत्रं चालवली. त्यांना तेव्हा कुणी अडाणी म्हणालं असेलच, पण काउंटर त्यांनीच सांभाळलं.

व्यवस्थापकांना दोन गोष्टी लेखी मागा. एक, व्यवहार एकाने भरायचा आणि दुसऱ्याने तपासून पास करायचा, ही सोय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये असणारच, ती तुमच्या टेबलाला लावून द्या. दोन, काही आठवडे तुमच्या खात्यांची वही आणि संगणक अशी दुहेरी नोंद ठेवायची परवानगी. संध्याकाळी दोन्हींचा ताळा तुम्ही करा. ज्या दिवशी फरक निघेल त्या दिवशी तुम्हाला सॉफ्टवेअर कळायला लागेल. एखाद्या वेळी चूक वहीची नसून संगणकात बसवलेल्या व्याजदराची निघेल, आणि ती पकडणारं माणूस त्या संस्थेत तुमच्याशिवाय दुसरं नसेल.

शिकायचं मात्र काउंटर बंद झाल्यावर, खातेदार आणि शिपाई यांच्यासमोर नको. शिकवायला त्याच मुलीला बसवा, आणि बदल्यात तिला पिग्मीच्या जुन्या खात्यांची भानगड शिकवा. तिला ती येत नाही, हे मी पैजेवर सांगते. ‘विरोध करू नका’ हे वाक्य पुन्हा ऐकू आलं तर शांतपणे विचारा, ‘मी कशाला विरोध केला, ते सांगाल का?’ आवाज न चढवता. तुमच्या वयाला तो शांतपणा शोभतो आणि समोरच्याला झोंबतो.

प्रश्न : मी एमबीए करून यंदाच एका कंपनीत एचआरला लागले. नवीन पद्धती येताहेत म्हणून मला ‘चेंज मॅनेजमेंट’चा कार्यक्रम करायला सांगितलंय. प्लांट हेडचं भाषण, सगळ्यांची शपथ, केक. मागच्या महिन्यात एक मीटिंग घेतली तर कुणी तोंडच उघडलं नाही. सगळे ‘हो मॅडम’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी जैसे थे. त्यांना बोलतं कसं करू?
(एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : तू माझ्या मुलीपेक्षा लहान असशील, म्हणून अहो-जाहो करत नाही.

केक राहू दे. शपथ रद्द कर. मोठ्या माणसांना हात पुढे करून उभं केलं की ती शाळेतल्यासारखीच वागतात, म्हणजे पाठ म्हणतात आणि विसरतात. मीटिंगमध्ये कुणी बोललं नाही, कारण मागच्या भिंतीला फोरमन आणि दोन मॅनेजर टेकून उभे असणार. तिथे बोललेलं ओव्हरटाइमच्या यादीत निघतं, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यांचं गप्प बसणं हेच उत्तर होतं, तू ते मिनिट्समध्ये ‘सर्वांनी संमती दिली’ असं लिहिलंस का? लिहिलं असशील तर काढ.

बोलायची जागा वेगळी असते. शिफ्ट बदलताना बाकावर बूट चढवतात तिथे, कॅन्टीनच्या रांगेत, बस यायच्या आधीच्या दहा मिनिटांत. तिथे जा, वही न काढता, आणि एकच प्रश्न विचार : ‘हे सुरू झालं तर तुमचं पहिलं काय अडेल?’ ‘तुम्हाला कसं वाटतं’ असं विचारू नकोस, त्यावर ‘चांगलं वाटतं’ एवढंच येतं. काय अडेल म्हटलं की माणूस नेमकं सांगतो : ट्रॉली तिथून वळणार नाही, रात्रपाळीला स्टोअरची किल्ली नसते, हेल्पर कमी केलात तर पलीकडचं वजन कोण उचलणार. फोरमनला वेगळं गाठ. नव्या पद्धतीत सगळ्यात जास्त त्याचंच जातं, आणि कार्यक्रमात त्यालाच टाळ्या वाजवायला उभं करतात.

शपथेचा बोर्ड छापून आला असेल तर टाकू नकोस, पैसे गेलेले असतात. उलटा करून लाव. मागच्या कोऱ्या बाजूवर माणसांनी सांगितलेल्या अडचणी लिही, सांगणाऱ्याचं नाव न घालता. समोर ती कोण दूर करणार त्याचं नाव, आणि तारीख. सगळ्यात वर प्लांट हेडचं नाव असू दे. ते नाही म्हणाले तर निदान विरोध नेमका कुठे आहे, ते तुला कळेल.